तांब्याची पट्टी

राखीनं नागपूरहून वापरलेला वर्कस्टेशन लॅपटॉप आणला, तेव्हा घरात सगळ्यात जास्त कुरकुर मीच केली. तीन किलोचं धूड, आणि चार्जर वेगळा, विटेएवढा.

"हे काय जुनं उचलून आणलं?" मी म्हणालो. "नवीन घ्याचा ना."

"दादा, माझ्या कामाले जेवढी ताकद लागते, तेवढ्या ताकदीचा नवीन मले परवडत नाही," ती म्हणाली. "अन् जो परवडते, त्याच्यात ताकद नाही."

मी प्रितम. भंडाऱ्याजवळच्या शहापूरला हायवेवर आमचं धानाचं दुकान आहे, ते मी आणि बाबा चालवतो. राखी माझ्याहून सहा वर्षांनी लहान. सिव्हिल इंजिनिअर झाली, दोन वर्षं नागपूरच्या एका सर्व्हे ऑफिसात राहिली आणि मग त्यांचंच काम घरून करायला लागली. ड्रोननं वरून काढलेले हजारो फोटो तिच्याकडे येतात. ती ते एकमेकांना जोडून जमिनीचा असा नकाशा बनवते, की कुठं खड्डा, कुठं उंचवटा, बोटभर फरकसुद्धा दिसतो.

त्या मे महिन्यात तिच्याकडे सानगडीजवळच्या एका जुन्या तलावाचे फोटो आले होते. तलावातला गाळ काढायचा होता. कुठून किती खोदायचं हे नकाशा आल्याशिवाय ठरणार नव्हतं, आणि पाऊस लागला की तलावात मशीन उतरणार नव्हती. महिना संपायच्या आत नकाशा हवा होता. फोटो होते दोन हजार आठशे.

तिनं काम लावलं आणि तासाभरात लॅपटॉपचे पंखे गिरणीसारखे ओरडायला लागले. प्रोसेसरचं तापमान शंभर अंशांना टेकलं. तेवढं तापलं की मशीन स्वतःला वाचवायला आपला वेग पाडते, हे मला तेव्हा कळलं. पडद्यावर 'उरलेला वेळ' म्हणून आधी चौदा तास दिसत होते, ते साठ झाले. दुपारी लॅपटॉप आपोआप बंद पडला. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

"कूलर लाव त्याच्यापुढं," बाबांनी सुचवलं.

"कूलरची हवा ओली असते बाबा. आतमंदी पाणी गेलं तं संपलंच."

मी मनात म्हटलं, आता ही रडेल आणि नवीन लॅपटॉप मागेल. ती रडली नाही. बारका पेचकस घेऊन बसली आणि तिनं लॅपटॉप खालून उघडला. पंखे आणि जाळीच्या मधे धुळीचा चक्क लोकरीच्या नमद्यासारखा थर होता. तो तिनं ब्रशनं काढला. तापमान चार अंशांनी उतरलं, तेवढंच. मग तिनं प्रोसेसरवरची वाळून खपली झालेली पेस्ट पुसली आणि नवीन लावली. ही पेस्ट चिपची उष्णता वरच्या तांब्याच्या पट्टीत पोचवते. पट्टीला तांब्याच्या चपट्या नळ्या जोडलेल्या असतात, त्या उष्णता पंख्यापर्यंत नेतात. नवी पेस्ट लावूनही फरक पडला नाही.

दुसरा कोणी असता तर इथं थांबला असता. राखीनं सगळं पुन्हा उघडलं आणि मला हाक मारली.

"दादा, पाय इकडं. पेस्टचा ठसा पाय."

पट्टीवर पेस्ट पसरली होती, पण एका कोपऱ्यात ती होती तशीच जाड गोळी बसलेली. तिनं पट्टीवर स्टीलची मोजपट्टी आडवी धरली आणि मागून मोबाइलचा उजेड लावला. एका बाजूनं उजेडाची बारीक रेघ आली.

"तांबं वाकलं आहे," ती म्हणाली. "केसभर. पण चिप अन् पट्टीच्या मधात तेवढी हवा राहते. हवेतून गरमी जात नाही."

नवीन भाग मागवायचा तर नागपूरच्या दुकानदारानं दीड महिना सांगितला. आमच्याकडे बारा दिवस होते.

मी तिला मोटरसायकलवर बसवून भंडाऱ्याला घेऊन गेलो. ओळखीच्या सचिनचं लेथचं वर्कशॉप आहे. त्यानं पट्टी उलटसुलट पाहिली आणि परत दिली.

"मशीनवर पकडताच नाही येत हे. पकडलं तं नळ्या चेपतील. हाताचं काम आहे भाऊ, अन् हातानं सपाट करणारा आता एकच माणूस. केवळरामकाकांकडं जा."

केवळरामकाका पितळेची भांडी घडवणारे. वय सत्तरीला आलेलं. घराच्या ओसरीतच त्यांचं काम चालतं. पूर्वी त्यांच्याकडचे पाण्याचे गुंड आणि पराती पार गोंदियापर्यंत जात, आता देवळाच्या घंटा, समया आणि जुन्या भांड्यांची दुरुस्ती एवढंच उरलेलं. आम्ही गेलो तेव्हा ते एका परातीचं बूड बसवत होते. हातातलं पूर्ण झाल्याशिवाय त्यांनी वर पाहिलं नाही. मग हात धुतले, धोतराला पुसले आणि राखीच्या हातून पट्टी घेतली.

"हे कायचं आहे, बेटा?"

"कॉम्प्युटरचं, काका. गरमी बाहेर काढते. ही चौकोनी बाजू वाकली आहे."

काकांनी डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख पट्टीवरून हळू फिरवलं. एका कोपऱ्यावर थांबले.

"इथं बसली आहे."

राखी माझ्याकडे पाहत राहिली. तिला जे उजेड लावून सापडलं होतं, ते त्यांच्या नखाला सापडलं होतं.

"ठोकून नीट करू?" त्यांनी विचारलं. मला वाटतं, ते तिची परीक्षा पाहत होते.

"नका ठोकू, काका. या नळ्या पोकळ आहेत. आतमंदी पाणी आहे."

"पाणी?"

"थेंबभर. गरम बाजूले त्याची वाफ होते. वाफ थंड बाजूले पळते, तिथं तिचं पुन्हा पाणी होते, अन् नळीच्या आत बारीक जाळी आहे, तिच्यातून ते परत गरम बाजूले येते. पंप नाही, काही नाही. आपोआप चालू राहते."

"किती दिवस?"

"नळी फुटली नाही तं दहा-पंधरा वर्षं."

काकांनी नळी कानाशी नेऊन हलवली. अर्थातच काही ऐकू आलं नाही. ते नळीकडेच पाहत बसले. घरातून त्यांच्या पत्नी, गोदावरीबाई, पाणी घेऊन आल्या, तर त्यांना म्हणाले, "पाय बाई, एवढ्याशा नळीत थेंबभर पाणी कोंडलं आहे, अन् थो दिवसभर राबते."

"राबू द्या," गोदावरीबाई म्हणाल्या. "घरचा पंखा दोन महिन्यांपासून बंद आहे, थो पाहा आधी."

काका हसले. मग राखीला म्हणाले, "ज्यानं हे बनवलं, थो तांब्याले ओळखत होता. ठेवून जा. उद्या ये."

"काका, आजच नाही होणार?" मी विचारलं.

"आज याले ठेवाची जागा बनवाची आहे."

मला काही कळलं नाही. परत येताना मी राखीला म्हणालो, "घासाचं काम, त्याले जागा कायची बनवते हा माणूस?"

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा कळलं. काकांनी सागाच्या तुकड्यात नळ्यांच्या वळणाप्रमाणे खाचा कोरल्या होत्या आणि त्यात जुन्या लुगड्याचं मऊ कापड बसवलं होतं. पट्टी त्यात अशी बसली, की वरून हात दाबला तरी सगळा दाब लाकडावर जाई, नळीला धक्काही लागत नसे. शेजारी जाड काच, तिच्यावर पाण्यात भिजवलेला अगदी बारीक पॉलिशपेपर, आणि एका वाटीत तेलात कालवलेला शेंदूर.

काका आधी शेंदराचा पातळ हात दुसऱ्या एका काचेवर फिरवत, त्यावर पट्टी टेकवत आणि उचलून पाहत. जिथं तांबं उंच, तिथं लाल लागे. जिथं खोल, तिथं नाही. मग लाकडासकट पट्टी पॉलिशपेपरवर धरून गोल नव्हे, तर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा हात फिरवत. वीस वेळा. मग पाण्यानं धुणं, पुसणं, पुन्हा शेंदूर. मग पट्टी पाव फेरी वळवून पुन्हा वीस.

"गोल काहून नाही फिरवत, काका?" राखीनं विचारलं.

"गोल फिरवलं तं कडा जास्त खाते. माणसाचा हात एकीकडंच भारी असते, बेटा. फिरवत राहिलं की कोणत्याच बाजूले त्याचा भार राहत नाही."

ओसरीत उकाडा मरणाचा होता. त्यांच्या कपाळावरचा घाम टपकू नये म्हणून गोदावरीबाई मधूनमधून स्वतःच पदरानं तो पुसत होत्या. बोलणं नाही, घाई नाही. पहिल्या तासात शेंदराचा ठिपका फक्त दोन कडांना लागत होता. दुसऱ्या तासात अर्धी पट्टी लाल झाली. मी खरं सांगतो, मला दुकान होतं, गिऱ्हाईक होतं, पण तिथून उठवेना. तांबं हळूहळू आरशासारखं व्हायला लागलं होतं.

तिसऱ्या तासाला जवळजवळ सगळी पट्टी लाल दिसली. फक्त त्या कोपऱ्यात ज्वारीच्या दाण्याएवढी जागा कोरी होती. काका थांबले.

"अजून थोडंसं घासा ना काका," मी म्हणालो. "तेवढंच राहिलं."

त्यांनी मान हलवली. "याच्याखाली नळी आहे. आता घासलं तं पत्रा कागदावानी होईन. एवढी जागा तिचं मलम भरून काढन." मलम म्हणजे राखीची पेस्ट. "काय, बेटा?"

राखीनं पट्टी हातात घेतली, मागच्याच पद्धतीनं स्टीलची मोजपट्टी धरून उजेड लावला. कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढा उजेड, बाकी काही नाही. ती खाली वाकून त्यांच्या पाया पडली.

मजुरी त्यांनी घेतली. काम करून मजुरी सोडणाऱ्यांतले ते नव्हेत, आणि ते मला आवडलं. वर एक अट घातली. "चालू झालं की मले दाखवाचं. थो थेंब काय काम करते, पाहाचं आहे."

मला वाटलं, झालं आता काम. पण ते अर्धंच झालं होतं. बाकीचं अर्धं राखीचं होतं.

तिनं पट्टीवर पेस्ट लावली आणि चारही स्क्रू एकदम न आवळता, पट्टीवर कोरलेल्या आकड्यांच्या क्रमानं थोडे थोडे आवळत नेले, म्हणजे एका बाजूला दाब पडायला नको. मग लॅपटॉपमधली मागच्या मालकाची सगळी अडगळ पुसून सगळं नव्यानं टाकलं. मला त्यातलं थोडंच कळलं. मागच्या मालकानं वीज वाचवायची म्हणून कुठंतरी एक बंधन घालून ठेवलं होतं. नकाशाचं सॉफ्टवेअर त्यामुळे मोठी ग्राफिक्स चिप वापरतच नव्हतं. सगळा भार प्रोसेसरच ओढत होता. तिनं तो भार दोघांत वाटून दिला.

मग जागेचा प्रश्न आला. तिची खोली वर स्लॅबखाली, दुपारी भट्टी होते. खाली मागची खोली गार, पण तिथं धानाची पोती, म्हणजे धूळ आणि तूस. राखीनं एकदा दारातून पाहिलं आणि मान हलवली. शेवटी आईनं स्वयंपाकघराला लागून असलेली उत्तरेकडची मधली खोली रिकामी करून दिली. तिथल्या खिडकीचा पडदा राखीनं काढला, कारण लॅपटॉपची गरम हवा पडद्याला आपटून परत येत होती. लॅपटॉपच्या मागच्या बाजूला दोन लाकडी पट्ट्या ठेवून तो दोन बोटं उचलला. कूलर बाहेरच्या खोलीत ठेवला, म्हणजे गारवा येईल, ओल येणार नाही.

सगळ्यात चिवट काम पुढचं होतं. प्रोसेसरला मिळणारा विजेचा दाब ती थोडा थोडा कमी करत होती. कमी दाबात तेवढंच काम झालं तर उष्णता कमी होते, पण जास्त कमी केला तर मशीन अडखळून बंद पडते. ती एक आकडा कमी करी, अर्धा तास लॅपटॉपला पूर्ण ताकदीनं पळवी, वहीत तापमान लिही आणि मग पुढचा आकडा. दोन दिवस हेच. पाच वेळा पडदा निळा होऊन लॅपटॉप बंद पडला. पाचही वेळा ती एक पायरी मागं आली आणि पुन्हा मोजायला लागली.

मी दारात उभा राहून पाहत होतो. मला केवळरामकाकांचे ते वीस वीस हात आठवत होते. तसंच थांबणं, तसंच धुऊन पाहणं. या पोरीला मी लहानपणापासून पाहतो आहे, सायकल शिकवली, तिच्या फॉर्मवर सह्या केल्या. पण ती काम कसं करते हे मी त्या दोन दिवसांत पहिल्यांदा पाहिलं. आणि मला थोडी लाजही वाटली.

"जेवून घे ना," मी म्हणालो.

"एक आकडा राहिला, दादा."

"मंग मी इथंच आणतो ताट."

तिनं वर पाहिलं. मी कधी कोणाचं ताट उचलून आणलं नव्हतं. "आण," ती म्हणाली आणि हसली.

खरं काम लावायचा दिवस तिनं गुरुवार ठरवला. पहाटे पाचला, हवा गार असताना सुरुवात केली. दुपारच्या उन्हाआधी अवघड भाग निघून जावा, असा तिचा हिशेब. पंखे फिरायला लागले, पण पूर्वीसारखे ओरडत नव्हते, एकसारखा भरदार आवाज. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता अठ्ठ्याहत्तर. 'उरलेला वेळ' अकरा तास.

नऊ वाजता केवळरामकाका आले. मी त्यांना घ्यायला जाणार होतो, पण ते आपले शेअर ऑटोनं येऊन हायवेवर उतरले आणि चालत घरी. स्वच्छ धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी. आईनं चहा ठेवला, पण त्यांचं लक्ष आतच.

राखीनं खुर्ची ओढून दिली. त्यांनी आधी लॅपटॉपच्या मागच्या जाळीसमोर तळहात धरला.

"लय गरम हवा येऊन राहिली," मी काळजीनं म्हणालो.

"गरमच यायला पायजे," काका म्हणाले. "आतली आच बाहेर येऊन राहिली. थे बाहेर नसती आली, तं आत कोणाले जाळत बसली असती?" मग राखीकडे वळले. "थो थेंब चालून राहिला का?"

"चालून राहिला, काका. आतापर्यंत लाखो फेऱ्या झाल्या असतील त्याच्या."

पडद्यावर तोवर ठिपके दिसायला लागले होते. आधी नुसती धूळ उडाल्यासारखे, मग दाट. तासाभरानं त्यांच्यातून तलावाची पाळ उभी राहिली. मग पाळीवरचं झाड, मग आटलेल्या तळातल्या भेगा. राखीनं तो तलाव बोटानं फिरवून दाखवला, जसा एखादा परातीतलं पाणी पाहायला परात तिरपी करेल.

काका पुढं झुकले. "हे एवढं सगळं फोटोतून निघालं?"

"दोन हजार आठशे फोटोतून. प्रत्येक फोटो दुसऱ्याशी ताडून पाहते मशीन."

"अन् तू बसून काय करते?"

"मी पाहते, कुठं चुकते का."

"हां," काका म्हणाले. "थेच खरं काम." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि आईकडे पाहून म्हणाले, "विमलाबाई, पोरीचा हात चांगला आहे."

आईनं काकांच्या बशीत आणखी एक करंजी वाढली.

दुपारी बाहेर सेहेचाळीस अंश ऊन होतं. दीडच्या सुमाराला आकडा चौऱ्याऐंशीवर गेला आणि मी उठून उभाच राहिलो. राखीनं फक्त खिडकीचं एक दार बाहेर ढकललं, म्हणजे मशीनची गरम हवा निघून जाईल. आकडा पुन्हा ब्याऐंशीवर आला आणि तिथंच राहिला. काका जेवून तिथंच चटईवर आडवे झाले होते, पण झोपले नव्हते. मधूनच विचारत, "किती?" राखी आकडा सांगे. ते "बरं" म्हणत.

चार वाजून वीस मिनिटांनी काम संपलं. पंखे हळूहळू शांत झाले. राखीनं नकाशा तीनदा तपासला, पाळीच्या उंचीची जागेवर जाऊन घेतलेली मापं त्याच्याशी ताडून पाहिली आणि मगच ऑफिसला पाठवला. मी काकांना मोटरसायकलवरून भंडाऱ्याला सोडलं. वाटेत ते एवढंच म्हणाले, "एवढी वर्षं लोकांच्या घरची भांडी केली. तलावाचं काम पहिल्यांदा केलं."

जूनच्या पहिल्या आठवड्यात गाळ काढायला सुरुवात झाली. ऑफिसनं राखीला जागेवर बोलावलं, म्हणून मी तिला सानगडीकडे घेऊन गेलो. तलावाच्या तळात दोन पोकलेन उतरली होती. खोदणाऱ्यांना कुठं किती खोल जायचं ते सांगायचं होतं, आणि राखी पाळीवर एका लोखंडी पेटीवर लॅपटॉप ठेवून आकडे वाचत होती. उन्हात पडदा दिसेना. मी आईची काळी छत्री उघडली आणि तिच्यावर, म्हणजे लॅपटॉपवर, धरून उभा राहिलो.

गावातली माणसं जमली होती. भैय्यालाल नावाचे एक म्हातारे शेतकरी माझ्याजवळ येऊन उभे राहिले आणि थोडा वेळ ते सगळं पाहत राहिले. पोकलेनवाल्यानं खालून ओरडून विचारलं, "मॅडम, इथं किती?" राखीनं आकडा सांगितला. पोकलेनचं खोदणारं सूप तेवढं खाली गेलं आणि काळा, ओला गाळ घेऊन वर आलं.

"कोण आहे जी ही बाई?" भैय्यालालनी मला विचारलं.

"इंजिनिअर आहे," मी म्हणालो. "तलावाचा नकाशा तिनंच बनवला."

"अन् तुम्ही?"

"मी तिचा भाऊ."

ते मान डोलावून माझ्या छत्रीच्या सावलीत थोडे आत सरकले, आणि आम्ही दोघं तिचं काम पाहत उभे राहिलो.